ब्रेक थंड झाल्यावर

दवाखाना डोंगरावर होता आणि पेशंट पायथ्याशी राहायचे, म्हणून वहिनीची नोकरी होती. सकाळी पेशंटना वर न्यायचं, मशीनवर त्यांचं रक्त धुऊन झालं की दुपारी खाली एकेकाला घरी सोडायचं. दवाखान्याची पांढरी व्हॅन ती बरीच वर्षं चालवत होती. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, सीटवर उशी घेऊन बसणारी बाई. डायलिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखा होतो, साध्या वळणानेही त्याला मळमळतं. वहिनीच्या गाडीत मात्र पेशंट गाढ झोपायचे आणि घर आल्यावर त्यांना हलवून उठवावं लागायचं. याचा तिला अभिमान होता, पण ती तो बोलून दाखवत नसे.

सगळा दवाखाना तिला वहिनी म्हणायचा, ते तिच्या धाकट्या दिरामुळे. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो नुकता शाळेत जाऊ लागला होता आणि त्याचे आईवडील पाठोपाठ गेलेले होते. वहिनीला मूल झालं नाही. धाकट्याचे दात पडले ते तिच्यासमोर, पहिली दाढी झाली ती तिच्या आरशात. अभ्यासात त्याचं डोकं चालत नव्हतं, पण स्क्रू दिसला की हात शिवशिवायचे. नवऱ्याची समजूत घालून तिनेच त्याला गॅरेजचं काम शिकायला पाठवलं. पुढे पायथ्याशी त्याचं स्वतःचं गॅरेज झालं आणि दवाखान्याच्या गाड्या त्याच्याकडे यायला लागल्या. आवारात शिरताच तो "वहिनी, कुठे आहेस?" अशी हाक मारायचा. ती ऐकून ऐकून डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला तेच म्हणायला लागले.

व्हॅनचे ब्रेक पॅड झिजले तेव्हा नवे कुठले घ्यायचे, हे त्या दोघांनी वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं. वहिनी भाजी निवडत होती. धाकट्याने टेबलावर तीन प्रकारचे पॅड मांडले आणि तिला समजावून दिलं. ब्रेक म्हणजे काय, तर गाडीच्या धावेची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. सपाट रस्त्यावर मध्ये उसंत मिळते, उष्णता निघून जाते. लांब उतारावर ती साठत जाते. पॅड फार तापला की त्याच्या मसाल्यातून वाफ सुटते, पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्यामध्ये तिचा पापुद्रा धरतो आणि पकड जाते. पेडल दगडासारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. हा एक प्रकार. दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं झालं की लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात, आणि मग आपण पायाने दाबतो ते नुसते बुडबुडे. पेडल भुसभुशीत होऊन तळाला जातं. "याला ब्रेक फेड म्हणतात," तो म्हणाला, "आणि वाईट म्हणजे आधी कळत नाही."

शहरात फिरायचे साधे पॅड होते. ते आवाज करत नाहीत, गार असतानाच छान धरतात, पण तापले की हात वर करतात. सिरॅमिकचे होते, स्वच्छ आणि शांत. आणि धातूचा कीस मिसळलेले होते. हे थोडे किरकिरतात, डिस्कही जरा जास्त खातात, पण उष्णता सोसतात. घाटात रोज उतरणाऱ्या भरल्या गाडीला हेच हवेत, यावर दोघांचं एकमत झालं. ऑइलही नुसतं वरून भरायचं नाही, सगळं जुनं काढून सीलबंद डब्यातलं ताजं, उशिरा उकळणारं डॉट फोर ऑइल घालायचं. वहिनीने तसं दवाखान्याकडून मंजूर करून घेतलं. एक दिवस व्हॅन धाकट्याकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी तो चावी देऊन म्हणाला, "झालं सगळं. आता बिनघोर चालव."

ती बिनघोर चालवत होती.

त्या दुपारी गाडीत तीन पेशंट होते आणि मागे दुरुस्तीला चाललेलं एक जड मशीन. घाटाच्या तोंडाशीच पुढे दगड भरलेला ट्रक आला. तो सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. वहिनी नेहमीसारखी दुसऱ्या गिअरमध्ये होती, पण ट्रकमुळे तिला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागत होता. अर्ध्या घाटात ट्रक बाजूच्या रस्त्याला वळला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात तिला करपलेल्या कापडासारखा वास आला. पुढच्या वळणाआधी तिने पेडल दाबलं तर ते अगदी कडक लागलं आणि गाडी जशी चालली होती तशीच चालत राहिली. तिने दोन्ही पायांचा जोर लावला. वळण कसंबसं पार पडलं. त्याच्या पुढच्या वळणाला पेडल सरळ खाली गेलं, ओल्या मातीत पाय रुतावा तसं.

ती ओरडली नाही. पेशंट झोपले होते. तिने पेडल भराभर मारून पाहिलं, गिअर पहिल्यात घातला तेव्हा इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा करत ओढला. डाव्या अंगाला डोंगर होता. रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग तिला दिसला आणि तिने गाडी त्यात घातली. व्हॅन एका अंगाने ढिगावर चढली, घासली आणि थांबली.

दोघा पेशंटना खरचटण्यावर निभावलं. तिसऱ्या होत्या शिवणबाई. जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलेल्या, निवृत्त झाल्यावरही घरी चार जणींना शिकवणाऱ्या. झोपेतून पुढे फेकल्या गेल्या तेव्हा त्यांनी उजवा हात आधाराला टाकला आणि मनगट मोडलं. डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायच्या, त्यामुळे त्या हाताने काही उचलायची त्यांना बंदी होती. म्हणजे दोन्ही हात गेल्यासारखेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्यवस्थापकाने एका तपासनिसाला बोलावलं. व्हॅन ओढून आवारात आणलेली होती. एक बाजू चेमटली होती, पण ती चालू होत होती. तपासनिसाने ती आवारात दोन चकरा फिरवली, वेगात आणून ब्रेक मारला. चाकं जागच्या जागी थांबली. पुन्हा मारला, पुन्हा थांबली. त्याने खाली उतरून हात झटकले आणि ब्रेक उत्तम आहेत असं सांगितलं.

व्यवस्थापक धाकट्याकडे वळला. काम त्याच्या गॅरेजचं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं काय?

धाकटा व्हॅनच्या टायरकडे बघत होता. म्हणाला, "गाडीत दोष नाही, साहेब. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवून आलं की असं होतं. वहिनीचं वय झालंय, दमली असेल."

वहिनी चार हातांवर उभी होती. तिला राग आला नाही. तिला आधी वाटलं ते एवढंच, की हा खरं बोलतोय. ट्रकच्या मागे तिने किती वेळा ब्रेक दाबला होता, ते तिला आठवत होतं. धाकट्याला ब्रेकमधलं कळतं आणि तो आपल्याशी खोटं बोलणार नाही, या दोन गोष्टी तिने कधी तपासून पाहिल्या नव्हत्या. आपण घड्याळ तपासतो, ते ज्या भिंतीवर टांगलंय ती भिंत तपासत नाही.

तिच्याकडून चावी काढून घेतली. कामावरून काढलं नाही, चादरी-कपड्यांच्या खोलीत बसवलं. ड्रायव्हरांना शिकवणाऱ्या मास्तरांकडे पुन्हा शिकून, ते पास करतील तेव्हाच गाडी मिळेल असं ठरलं. ती मान खाली घालून चादरींच्या घड्या करायची. शिवणबाई डायलिसिसला येत तेव्हा हात गळ्यात बांधलेला असायचा. वहिनी एकदा त्यांना भेटायला गेली. बाई सभ्यपणे बोलल्या, तब्येत विचारली आणि शेवटी म्हणाल्या, "माझी एक विनंती आहे. तुम्ही पुन्हा गाडीवर आलात तर मला आधी कळवा. मी दुसरी सोय बघेन." वहिनी बरं म्हणाली आणि चादरींच्या खोलीत येऊन तिने दार लावून घेतलं.

घरी तिची झोप उडाली, जेवण सुटलं. नवरा दवाखान्याच्याच औषधांच्या दुकानात होता, मुळात कमी बोलणारा. तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मनाला लावून घेऊ नकोस म्हणायचा. धाकटा तर रोज यायला लागला. फळं आणायचा. गळणारा नळ त्याने दुरुस्त केला, तिचं शिलाई मशीन उघडून तेल घालून दिलं. व्हॅन मला द्या, मी नीट करतो, म्हणून तो व्यवस्थापकाच्या मागे लागला होता. विम्याचा माणूस बघून जाईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही, असं उत्तर मिळायचं. वहिनीला त्याची दया आली. आपल्या चुकीची भरपाई हा पोर करतोय, असं तिला वाटलं. तिने स्वतः जाऊन व्यवस्थापकाला सांगितलं की गाडी धाकट्याला द्या, त्याच्यासारखं काम कुणी करणार नाही. व्यवस्थापकाने नियमावर बोट ठेवलं, म्हणून ती मागणी राहून गेली.

मास्तर हे खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. दवाखान्याच्या संस्थेचे सगळे ड्रायव्हर तेच तयार करायचे. आवाज खडा, विनोद कोरडा. वहिनी पहिल्या दिवशी शिकायला गेली तेव्हा त्यांनी तिला गाडीत बसवलंच नाही. बाकावर बसवलं आणि घाटात काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. ती सांगू लागली की चूक माझीच. ते म्हणाले, चूक कुणाची ते नंतर, आधी गिअर सांगा. दुसरा, ती म्हणाली. मशीन मागे होतं तर पहिला टाकायला हवा होता का, असं तिने विचारलं. मास्तर म्हणाले, टाकला असता तर बरं झालं असतं, पण दुसऱ्यात उतरणारी गाडी चांगल्या ब्रेकवर थांबायलाच हवी.

"पेडल कसं लागलं? कडक की भुसभुशीत?"

"आधी कडक. मग भुसभुशीत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

गाडीत पॅड कुठले होते, ते मास्तरांनी विचारलं. वहिनीने अगदी उत्साहाने सांगितलं. ताजेच होते, धातूचे, घाटासाठी मुद्दाम निवडलेले, आणि ऑइलही सगळं नवं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक झाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऐकलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर येत होतं आणि तिचं तिलाच ऐकू येत होतं. ताजं ऑइल इतक्यात उकळेल का? उष्णता सोसणारे पॅड असे हात वर करतील का?

"मग त्या तपासनिसाला ब्रेक चांगले कसे लागले?" तिने विचारलं.

"रात्रभर थंड झाले ना," मास्तर म्हणाले. "थंड झाले की पेडल वर येतं, पकड परत येते. जणू काही झालंच नाही."

विम्याचा माणूस त्याच आठवड्यात येऊन गेला होता. मास्तरांनी व्यवस्थापकाची परवानगी काढली आणि आवारात जॅक लावून व्हॅनचं पुढचं चाक उतरवलं. वहिनी शेजारी उकिडवी बसली. डिस्कवर निळसर-जांभळी झाक चढली होती. मास्तरांनी पॅड काढून तिच्या हातात दिला. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता, नख लावलं तर घसरत होतं. पण तिने तो उलटा केला. निवडलेल्या पॅडची पाठ लाल होती, हे तिला पक्कं माहीत होतं, कारण भाजी निवडताना तो लाल तुकडा तिच्यासमोर पडलेला होता. हातातल्या पॅडची पाठ काळी होती. शहरात फिरायचा साधा पॅड. मास्तरांनी बॉनेट उघडून ऑइलच्या डब्यात टॉर्च मारला. आतलं ऑइल काळपट, जुन्या चहासारखं. कित्येक वर्षांत कुणी बदललेलं नव्हतं.

वहिनी म्हणाली की दुकानदाराने चुकीचा डबा दिला असेल. मग म्हणाली की गॅरेजमध्ये हाताखालच्या कुणी गडबड केली असेल. मास्तरांनी दोन्हीला मान डोलावली.

"असेलही," ते म्हणाले. "त्यालाच विचारा."

ती तशीच डोंगर उतरली आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला गॅरेजवर पोचली. बाकीची माणसं जेवायला गेली होती. धाकटा एकटाच होता आणि त्याची स्वतःची गाडी लिफ्टवर चढवलेली होती. ही गाडी म्हणजे त्याचा जीव. ती घेऊन तो डोंगर चढण्या-उतरण्याच्या शर्यतीत उतरायचा. व्हॅनचं काम झालं त्याच आठवड्यात अशी एक शर्यत झाली होती आणि तो तिसरा आला होता. त्या दिवशी वहिनीने त्याच्या आवडीचं गोड केलं होतं, नवऱ्याने फोटो भिंतीला लावला होता.

तिने काही विचारलं नाही. पिशवीतून काळ्या पाठीचा पॅड काढून त्याच्या कामाच्या टेबलावर ठेवला. त्याने तो पाहिला आणि त्याचा चेहरा असा झाला, की तिला पुढचं विचारायची गरज उरली नाही. तरी तिने विचारलं.

"माझे कुठे आहेत?"

त्याने लिफ्टकडे नुसतं पाहिलं. चाकं काढलेलीच होती. तिला खालूनच लाल कडा दिसली.

मग तो बोलायला लागला. शर्यतीसाठी त्याने मागवलेले पॅड वेळेवर आले नाहीत. तिच्यासाठी आणलेले त्याच्या गाडीच्या मापात बसत होते, म्हणून व्हॅनला साधे घातले. फक्त एका रविवारचा प्रश्न होता, सोमवारी तो अदलाबदल करणार होता. मग सोमवारी दुसरं काम आलं, मग राहिलं. आणि ऑइल? ऑइल काढायला वेळ लागतो, दोन माणसं लागतात, ते पॅडच्या वेळीच करू म्हणून तेही राहिलं.

"तुला माहीत होतं ना काय होतं ते? तूच मला शिकवलंस."

"माहीत होतं." त्याने हात पुसायच्या फडक्याची उगाच घडी केली. "पण तू इतकी सांभाळून चालवतेस, वहिनी. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी असं केलं नसतं. तुझ्या हातून काही होणार नाही, असं वाटलं."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तिचा सांभाळून चालवण्याचा गुण त्याने हिशेबात धरला होता आणि त्याच्या भरवशावर तिच्याच पायाखालचे ब्रेक काढून घेतले होते.

"आणि तपासनिसासमोर जे बोललास ते?"

तो म्हणाला की व्यवस्थापकाने अचानक विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं ते परत घेता येईना. रोज घरी यायचो ते सांगायलाच यायचो, पण तुझा चेहरा बघून जीभ उचलायची नाही.

"माझा चेहरा बघूनच उचलायला हवी होती," वहिनी म्हणाली.

तिने त्याला सांगितलं की उद्या सकाळी व्यवस्थापकाकडे जाऊन हे सगळं स्वतःच्या तोंडाने सांग. तो रडायला लागला. दवाखान्याचं काम जाईल, नाव जाईल, गॅरेजकडे कुणी फिरकणार नाही. लहानपणी तो रडला की ती त्याला जवळ घ्यायची. तिचा हात सवयीने पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. तिने सगळं सांगितलं, पॅडची काळी पाठ, ऑइलचा रंग, लिफ्टवरची गाडी. सांगताना तिला धाप लागत होती. नवरा खुर्चीवर बसून बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर तो दुसऱ्याच्या नाडीशी तसाच थांबला. तो चकित झाला नाही. ते तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"तपासनीस येऊन गेला त्याच संध्याकाळी आला होता माझ्याकडे दुकानात. लहान पोरासारखा रडला."

"त्याच संध्याकाळी?"

"मी म्हटलं, जरा शांत होऊ दे. नोकरी तर कुणी काढून घेत नव्हतं तुझी. त्याचं मात्र सगळंच गेलं असतं. तू सोसू शकतेस, तो नाही सोसू शकत." त्याने शेवटी वर पाहिलं. "तो आपलाच आहे ना."

वहिनीने गॅस बंद केला. इतके दिवस ती याच माणसाच्या शेजारी पडून, मी शिवणबाईंचा हात मोडला, असं म्हणत होती आणि हा तिच्या खांद्यावर हात ठेवत होता. त्या हाताला सगळं माहीत होतं. धाकट्याने जे केलं त्यात हलगर्जीपणा होता, मग भीती होती. नवऱ्याने जे केलं ते शांत डोक्याने, दोन माणसं तोलून केलं होतं, आणि तिचं पारडं हलकं ठरवलं होतं. मनाला लावून घेऊ नकोस, असं तो रोज म्हणायचा.

"मी पण आपलीच आहे की नाही, ते एकदा सांगा," ती म्हणाली. तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागला. त्या दिवसापासून तिने आपलं अंथरूण शिलाई मशीनच्या खोलीत हलवलं.

सकाळी धाकटा व्यवस्थापकाकडे येतो का, याची तिने वाट पाहिली. तो आला नाही. तेव्हा ती निघाली, पण व्यवस्थापकाच्या खोलीकडे गेली नाही. आधी डायलिसिसच्या हॉलमध्ये गेली, कारण मनगट शिवणबाईंचं मोडलं होतं. बाई मशीनला जोडलेल्या होत्या, प्लास्टरमधला हात उशीवर होता. वहिनी स्टूल ओढून बसली आणि तिने काहीही न लपवता सांगितलं. दिराचं नाव झाकलं नाही, नवऱ्याचंही नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पॅड म्हणजे काय, ऑइल का उकळतं, हे दोनदा विचारून समजून घेतलं, विद्यार्थिनीसारखं.

"मी इतके दिवस तुमच्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या. "मनातल्या मनात काय काय बोलले तुम्हाला. आता तो राग कुठे ठेवू, मला कळत नाही."

"मलाही कळत नाही, बाई."

"तुम्ही त्या ढिगात गाडी घातलीत ना? नाहीतर आपण खाली गेलो असतो." मग त्या जराशा थांबल्या. "हे मला त्याच दिवशी समजायला हवं होतं. पण मनगट दुखत असलं की माणसाला दुसरं काही दिसत नाही."

व्यवस्थापकाकडे ती मास्तरांना घेऊन गेली. टेबलावर पॅड ठेवला, बाटलीत काढलेलं ऑइल ठेवलं. व्यवस्थापकाने फोन करून धाकट्याला बोलावून घेतलं. या वेळी तो टायरकडे बघत बोलला नाही, कारण खोलीत टायर नव्हता. त्याने जे केलं ते सांगितलं, पण हळू आवाजात, आणि मध्येच तपासनिसानेही पॅड काढून पाहिले नाहीत असं म्हणाला. ते खरंच होतं. व्यवस्थापक अवघडून गेला. वहिनीची माफी मागताना त्याने आमच्याकडून, संस्थेकडून, असे बरेच शब्द वापरले. वहिनीने ती माफी घेतली. दवाखान्याचं काम धाकट्याच्या गॅरेजकडून काढून घेतलं गेलं. शिवणबाईंच्या घरच्यांनी रीतसर तक्रार केली. त्यापुढे त्याच्यावर जी कारवाई झाली त्यात वहिनीने साक्ष दिली, विचारलं तेवढंच आणि खरं.

घरात नातेवाइकांचे फोन यायला लागले. पोटच्या पोरासारखा वाढवला आणि त्यालाच आरोपी म्हणून उभं केलं, असं काही जण म्हणाले. ती फोन कानाला धरून ऐकायची आणि झाल्यावर बरं म्हणून ठेवून द्यायची. एकदा फक्त तिने एका नणंदेला विचारलं की त्या गाडीत तुम्ही असता तर? तिकडून फोन ठेवला गेला.

व्हॅन दुरुस्त झाली तेव्हा नव्या गॅरेजमध्ये ती स्वतः उभी राहिली. पॅड तिने निवडले, डिस्कही बदलायला लावल्या. ऑइलचा डबा तिच्यासमोर फोडायला लावला, कारण उघडा राहिलेला डबा पाणी ओढतो. जुनं ऑइल निघून नळीतून स्वच्छ पिवळसर धार येईपर्यंत पेडलवर पाय तिचाच होता. नवे पॅड लगेच पकड धरत नाहीत, त्यांना डिस्कशी जमवून घ्यायला लागतं. म्हणून मास्तरांना शेजारी बसवून ती मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा वेग घ्यायची आणि हळूहळू कमी करायची. पॅड किरकिरायचे. मास्तर म्हणाले, हा आवाज तुमच्या पेशंटना आवडणार नाही. ती म्हणाली, त्यांना सांगेन हा कसला आवाज आहे ते.

पहिल्या दिवशी उतरताना शिवणबाई पुढच्या सीटवर बसल्या. झोपल्या नाहीत. घाटाच्या तोंडाशी वहिनीने पहिला गिअर टाकला आणि अर्ध्यावर एका रुंद जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. काही झालंय का, असं मागून कुणीतरी विचारलं. काही झालं नाही, ब्रेकना श्वास घेऊ देते, ती म्हणाली. बाईंनी खिडकी खाली केली. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून सुई धरत नव्हती. त्या ती मांडीवर ठेवून एकेक मिटत-उघडत होत्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. वहिनीने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही.

घर मोडलं नाही. ती आणि नवरा एकाच टेबलावर जेवत होती, एकाच दवाखान्यात कामाला जात होती. काही महिन्यांनी नवऱ्याने एकदा चाचरत विचारलं, धाकटा यायचं म्हणतोय, रविवारी जेवायला, तर काय सांगू?

"येऊ दे," वहिनी म्हणाली. "जेवायला वाढेन."

नवऱ्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं की आता सगळं सुरळीत होईल. तो आणखी काहीतरी बोलणार होता, जुन्या दिवसांचं. पण तिने गाडीची चावी उचलली आणि निघताना सांगितलं, "वाढेन. पण तुम्ही दोघं मला काही समजावायला बसू नका. आणि जेवण झालं की त्याला ताटकळत ठेवू नका, घरी जाऊ द्या."

तो दारापर्यंत आला आणि गाडी नीट आहे ना, असं त्याने विचारलं. "मी स्वतः बघितली आहे," ती म्हणाली आणि जिना उतरली.